उतारा एकदाच ऐकवला जाईल

६ जानेवारी

प्रिय शाई,

बातमी पोटात राहत नाही, म्हणून चहा तसाच ठेवून लिहायला बसलो. मी परीक्षेला बसतोय. वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, इंग्रजीच्या, आणि तीही नुसती ऐकण्याची. हसून झालं असेल तर पुढे वाच.

मुलीजवळ कायमचं राहायचं असेल तर इथलं सरकार म्हणतं, आमची भाषा कानांनी कळते एवढं दाखवा. बोलणं-लिहिणं सत्तरीपुढच्यांना माफ आहे, ऐकणं माफ नाही. कानांवर गादीसारखे हेडफोन चढवायचे, त्यातून उतारे येतात. कुणी नळवाल्याला फोन करतं, कुणी वाचनालयाचे नियम सांगतं. उतारा एकदाच ऐकवतात आणि ऐकता ऐकताच उत्तरं लिहायची. पंचवीस प्रश्न. सतरा बरोबर आले की पास.

तारीख चोवीस एप्रिल. नापास झालो तर मेअखेर माझा परवाना संपतो आणि पुढचा अर्ज दोन वर्षांनी. जावई गेल्यापासून मुलगी एकटीच ओढतेय. सकाळी सहाला ती प्रयोगशाळेत जाते, तेव्हा नातीला उठवणं, डबा, वेणी, शाळेत सोडणं सगळं माझ्याकडे. मी गेलो तर तिला ते काम सोडावं लागेल. कॅलेंडरवर चोवीस तारखेभोवती तिने गोल काढलाय आणि तो दोनदा गिरवलाय.

वर्ग वाचनालयाच्या तळघरात भरतो. आम्ही आठ म्हातारे, एक बाई. पहिल्या दिवशी बाकावर बसलो आणि खडूचा वास आला. अरे, खडू नव्हताच तिथे, बाई पांढऱ्या फळ्यावर पेनाने लिहितात. तरी आला. मला आपला कवितेचा तास आठवला. गुरुजी पुस्तकं उघडायला सांगायचे आणि मी पुस्तक मिटून उभा राहायचो, अख्खी कविता एका दमात. भोंगा हे नाव मला उगाच नाही पडलं. पुढे बसस्टँडवर एकतीस वर्षं गाड्या पुकारल्या, कधी कागद हातात धरला का?

बाईंनी सरावाचे बारा उतारे दिलेत. मी कंबर कसली आहे.

तुझा,
भोंगा

१९ जानेवारी

प्रिय भोंग्या,

हसलो. जिन्यात बसून हसलो, कारण तुझं पत्र पेटीतून काढलं की वर येईपर्यंत धीर धरवत नाही.

इंग्रजीच्या तासाला सरांनी तुला उभं केलं की तू खिडकीबाहेर असं बघायचास, जणू प्रश्न बाहेरच्या झाडाला विचारलाय. तो माणूस आता इंग्रजी ऐकणार. ठीक आहे. माणसाने म्हातारपणी काहीतरी खूळ घ्यावंच. मी शब्दकोडी घेतली, तू परीक्षा घे.

काही मदत लागली तर सांग. माझं इंग्रजी छापलेलं चालतं, बोललेलं चालत नाही. पण आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर दातांची डॉक्टरीण आहे, ती तिकडेच शिकून आलीय. माझ्या दाढेच्या निमित्ताने आमची बरी गट्टी जमलीय. ती वाचून देईल.

खिडकीजवळची खुर्ची वेताने विणून घेतली. मे महिन्यात येशील असं आपलं ठरलं होतं, म्हणून. नाही आलास तर मांजर बसेल, त्याची तक्रार नाही.

पास होच.

शाई

२ फेब्रुवारी

प्रिय शाई,

पंचवीसपैकी पंचवीस.

पुन्हा लिहितो, तुझा प्रूफवाल्याचा डोळा विश्वास ठेवणार नाही. पंचवीसपैकी पंचवीस, आणि एकदा नाही, सलग चार वेळा. बाराच्या बारा उतारे माझ्या खिशात आहेत. मुलीने काल घड्याळ लावून परीक्षा घेतली. शेवटचं उत्तर तपासलं आणि तिने मला मिठीच मारली. ती लहानपणी मारायची तशी, पाय उचलून. माझी कंबर अजून दुखतेय.

गुपित सांगू? मी उताऱ्यांना चाली लावल्या. नळवाल्याचा उतारा भुजंगप्रयातात काय सुंदर बसतो. वाचनालयाच्या बाईंच्या सूचना ओवीसारख्या म्हणायच्या. हरवलेल्या मांजराचा उतारा जरा लंगडतो, त्याला दोन अक्षरं कमी पडतात, तिथे मी खोकतो. सकाळी नातीची वेणी घालताना एक, भांडी घासताना दोन, शाळेच्या वाटेवर तीन. नात मध्येमध्ये इंग्रजीत काही सांगत असते, मी 'येस, येस' म्हणतो आणि पुढचं कडवं घेतो.

आता एक काम कर. उतारे छापील आहेत, ते सोबत पाठवतो. तुझ्या डॉक्टरणीकडून वाचून घे आणि पेनड्राइव्हवर घालून पाठव. परीक्षेत आवाज वेगवेगळे असतात म्हणे. एक वेगळा आवाज कानावरून गेला की मी मोकळा.

भोंगा

१४ फेब्रुवारी

प्रिय भोंग्या,

सोबत पेनड्राइव्ह चिकटपट्टीने डकवलाय, ओढून काढ, कागद फाटला तरी चालेल. डॉक्टरणीने दोन पेशंटांच्या मधल्या वेळात बाराही उतारे वाचले. मागे कुठल्याशा यंत्राची घरघर येते, तिला इलाज नाही.

प्रत्येक उताऱ्याला एक असे बारा प्रश्न आहेत. उत्तरं लिहून पाठव. छापील कागद समोर ठेवू नकोस.

तुला त्याची गरजच पडणार नाही म्हणा.

शाई

२५ फेब्रुवारी

प्रिय शाई,

अरे, ही काय परीक्षा झाली? डॉक्टरणीचा आवाज गोड आहे, पण पहिलं वाक्य सुरू झालं की मला पुढचा सगळा उतारा समोर दिसतो. खरं सांगतो, चार उत्तरं तर ती तिथवर पोचायच्या आधीच लिहून टाकली आणि पेन खाली ठेवून बसलो. मुलगी म्हणाली, "बाबा, पूर्ण ऐका तरी." म्हटलं, "जेवण झाल्यावर कुणी ताट चाटत बसतं का?"

ही घे उत्तरं. नळवाला मंगळवारी नऊ ते बाराच्या दरम्यान येईल. मुलांची पुस्तकं दुसऱ्या मजल्यावर. छत्री हिरवी. मांजर शेजाऱ्याच्या गॅरेजमध्ये सापडलं. बाकीची मागच्या पानावर.

बारापैकी बारा असं लाल शाईने लिहून पाठव. भिंतीवर लावणार आहे.

भोंगा

७ मार्च

भोंग्या,

बारापैकी दोन.

नळवाला गुरुवारी दुपारी येणार आहे. मुलांची पुस्तकं तळघरात नेली आहेत. छत्री पिवळी आहे. मांजर कुठेच सापडलेलं नाही, ती बाई फोनवर रडतेय, आणि तू तिला गॅरेज दाखवतोस.

उतारे मी बदलले. बाराच्या बारा. दोन जागी डॉक्टरीण पेशंटच्या गडबडीत माझी दुरुस्ती विसरली आणि छापलेलंच वाचून गेली, तेवढे दोन तुझे बरोबर आले.

रागाव, पण ऐक. आमच्या छापखान्यात नवा मुद्रितशोधक आला की हेड त्याला पहिल्या दिवशी शाळेतल्या कवितेचं प्रूफ द्यायचे. सगळ्यांना पाठ असलेली कविता. पोरगा खूश व्हायचा, पाच मिनिटांत सही करून द्यायचा. आणि त्यात हमखास आठ-दहा चुका तशाच राहिलेल्या असायच्या. माझ्या अकरा राहिल्या होत्या. हेड म्हणाले, "तुम्ही छापलेलं वाचलं नाहीत, आठवलेलं वाचलंत." त्यानंतर मी चाळीस वर्षं कुठलंही प्रूफ शेवटच्या शब्दाकडून पहिल्याकडे वाचायचो, म्हणजे मनाला पुढे पळता येत नाही.

तू इंग्रजी ऐकत नाहीयेस. तू गाड्या पुकारतोयस. चोवीस तारखेला उतारे नवे असतील, ते तुला कुणी आधी देणार नाही. अजून सात आठवडे आहेत.

शाई

२४ मार्च

प्रिय भोंग्या,

सतरा दिवस झाले. पत्र जायला-यायला वीस-बावीस दिवस लागतात हे कळतं, पण या वेळी धीर निघत नाही. पोस्टमन आता मला बघितलं की लांबूनच मान हलवतो.

तू रागावला असशील, ते मला समजतं. पण त्या पत्रात मी एक गोष्ट लपवली, आणि गेले काही दिवस ती दाढेसारखी ठणकतेय, तेव्हा उपटून टाकतो.

तुझी उत्तरं मी डॉक्टरणीच्या टेबलावर तपासली. बारापैकी दोन झाले तेव्हा तिच्यासमोर हळहळलो. "बिचाऱ्याने फार मेहनत घेतली हो," असं म्हणालो. आणि वर येताना जिन्यात शीळ घातली. तीन मजले. माझ्या दारात आल्यावर माझं मलाच ऐकू आलं.

मे महिन्यात तू यावंस असं मला वाटत होतं. अजूनही वाटतं. सकाळी फिरायला जाताना दोघांनी आलटून-पालटून म्हणायची कविता एकट्याने म्हणून बघ, मध्येच विसरायला होतं. पण त्यासाठी तुझ्या लेकीचं काम सुटावं, तिच्या कॅलेंडरवरचा गोल फुकट जावा, इतका मी वाईट नाही. वाईट आहे, इतका नाही.

उतारे तुला जागं करायला बदलले, हे खरं. शीळही खरी. दोन्ही लिहून टाकलं.

उत्तर दे. शिव्या असल्या तरी चालतील.

शाई

३ एप्रिल

प्रिय शाई,

शीळ घातलीस हे लिहिलंस, म्हणून माफ. नसतं लिहिलंस तर मी आयुष्यभर तुला साधा माणूस समजलो असतो. बाकी तुझी शीळ मला माहीत आहे, कुकरची शिटी बसल्यासारखी. त्या जिन्यातल्या लोकांची मला दया येते.

तुझं ते 'बारापैकी दोन'चं पत्र आलं तेव्हा तीन दिवस मी कुणाशी धड बोललो नाही. मुलीने विचारलं तर "शाई मत्सरी झालाय," म्हणालो. चौथ्या दिवशी वर्गात बाईंनी अगदी नवी टेप लावली. मला पंचवीसपैकी सहा. माझ्या शेजारच्या शिंप्याला पंधरा, ज्याला मी आजवर शिकवत होतो. त्याने मला गोळी दिली, खोकल्याची. मला खोकला नव्हता.

घरी येताना बसथांब्यावर बसलो. एक गाडी सोडली, दुसरी सोडली. आणि लक्षात आलं की एकतीस वर्षं मी एका काचेच्या खोलीतून बोललो, माझ्याशी कुणी बोललंच नाही. खिडकीशी कुणी आलाच तर त्याचा प्रश्न अर्धा व्हायच्या आत मी फलाट सांगून मोकळा व्हायचो. आपल्या शाळेतही आपण म्हणायचो आणि दुसरे ऐकायचे. ऐकण्याचं खातं माझ्याकडे कधी नव्हतंच.

तेव्हा बाकावर दोन बायका बोलत होत्या, त्यांचं ऐकायला लागलो. चाल लावली नाही. पहिल्या दिवशी एवढंच कळलं की कुणाचा तरी भाऊ कुठेतरी गेलाय. दुसऱ्या दिवशी तिथे तिसऱ्याच बायका होत्या, कळलं की भाड्याची खोली ओली आहे. रोज दुपारी दीड तास बसतो. कपडे धुण्याच्या दुकानात, दवाखान्याच्या बाकावर, शाळेच्या फाटकाशी. लोकांना वाटतं आजोबा गाडीची वाट बघताहेत.

आता खरी गोष्ट ऐक. गेल्या सोमवारी वेणी घालताना नात नेहमीसारखी बोलत होती आणि मी पहिल्यांदा कंगवा थांबवून ऐकलं. ती म्हणत होती, आजोबा, मला उकडलेलं गाजर आवडत नाही, डब्यात घालू नका. अरे, हे ती मला ऑक्टोबरपासून रोज सकाळी सांगतेय. आणि मी 'येस, येस' म्हणून रोज दोन तुकडे जास्त घालतोय. पोरीने सहा महिने गाजरं मैत्रिणीला दिली, पण माझ्यावर रागावली नाही. तिला वाटलं, आजोबांचं गाजराबद्दल काही मत असेल.

मी तिला म्हटलं, "नो कॅरट." ती वळून माझ्याकडे बघतच राहिली. अर्धी वेणी सुटली.

काल वर्गात तेरा आले. अजून चार हवेत.

भोंगा

११ एप्रिल

प्रिय भोंग्या,

पत्र कुरिअरने पाठवतोय, परीक्षेच्या आधी मिळायला हवं.

या पेनड्राइव्हवर उतारा नाही. डॉक्टरणीची बहीण आली होती, तीही तिकडचीच. वडिलांच्या घरातला सोफा कुणी न्यायचा यावरून दोघींचं इंग्रजीत भांडण जुंपलं. मी दाढ दाखवायला गेलो होतो, परवानगी मागितली, तर दोघी हसल्या आणि मी फोन टेबलावर ठेवला. मग त्या पुन्हा भांडायला लागल्या, पहिल्यापेक्षा जोरात. दोघी एकाच वेळी बोलतात, वाक्यं अर्धी सोडतात, मधेच काहीतरी खातात.

याला छापील प्रत नाही, प्रश्न नाहीत, मार्क नाहीत. मला यातलं ओ की ठो कळत नाही, त्यामुळे तपासायलाही येणार नाही. एवढंच कळव की कोण बरोबर होतं.

खुर्चीवर मांजर बसलं. बसू दे. ते तिथे शोभतं.

पास हो. या वेळी जिन्यात शीळ न घालता लिहितोय.

शाई

२५ एप्रिल

प्रिय शाई,

धाकटी बरोबर होती. मोठीला सोफा नकोच आहे, तिला फक्त विचारायला हवं होतं. हे मला तिसऱ्यांदा ऐकताना कळलं आणि मग इतका आनंद झाला की मुलीला कामावर फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, कुणाचा सोफा?"

आता काल.

परीक्षा एका शाळेच्या व्यायामशाळेत होती. चढायचे दोर छताला बांधून टांगलेले, खाली चाळीस टेबलं, चाळीस जण. मुलगी मला सोडायला आली होती, रजा काढून. माझ्या शर्टाचं वरचं बटण तिने लावलं आणि गेली. आवाज आला की उतारा एकदाच ऐकवला जाईल.

पहिला उतारा कुठल्याशा वाहनतळाचा. आणि शाई, माझी जुनी खोड उफाळून आली. पहिलं वाक्य आलं तसं मी ते मनात धरून ठेवलं, दुसरं त्याला जोडलं, चाल शोधायला लागलो, तोवर तिसरं, चौथं निघून गेलं. पाच प्रश्नांपैकी तीन कोरे. चौथ्याला अंदाजाने खूण केली. डोळ्यांसमोर लेकीचं तोंड आलं. वाटलं, गेली हिची नोकरी.

मग मी एक केलं. पेन हातात सैल धरलं आणि स्वतःला म्हटलं, कुणीतरी बसथांब्यावर बोलतंय. धरू नकोस. बस नुसता.

दुसरा उतारा बरा गेला. तिसऱ्यात एक नवरा आणि एक बायको बोलत होते. नवरा काहीतरी समजावत होता, ती शांतपणे ऐकत होती, आणि मग ती एकच वाक्य बोलली आणि मी हसलो. मोठ्याने. त्या सगळ्या शांततेत. देखरेखीच्या बाईंनी चष्म्यावरून बघितलं. मी तोंडावर हात ठेवला, तरी खांदे हलत होते. आणि क्षणभराने मागून कुठूनतरी आणखी एक जण फिसकन हसलं. तेव्हा मला कळलं की मी इंग्रजीतल्या विनोदाला हसलो. कुणी समजावून सांगितला नाही, कुणी कोपर मारलं नाही. तो आला आणि मला हसू आलं, सरळ.

पुढचं कसं गेलं ते सांगता येत नाही. सतरा झाले असतील, सोळाही असतील. निकाल तीन आठवड्यांनी. मुलीला मी कोऱ्या तीन प्रश्नांबद्दल सांगितलं नाही, तुलाच सांगतोय.

भोंगा

५ मे

प्रिय भोंग्या,

पत्र डॉक्टरणीला वाचून दाखवलं. खुर्चीत एक पेशंट आ करून बसला होता, त्यालाही ऐकावं लागलं. सोफ्याचा निकाल ऐकून ती बहिणीला फोन करायला आत गेली. पेशंट तसाच आ करून.

परत आली तेव्हा तिने आणि त्या पेशंटनेसुद्धा एकच विचारलं. ती बाई असं काय बोलली की तू हसलास? मलाही चैन पडत नाही. शब्दन् शब्द लिहून पाठव. तुला पाठ असेलच.

आणि निकाल कळताच तार कर असं लिहिणार होतो, मग आठवलं तारा बंद झाल्या. तेव्हा पत्रच लिही, मोठ्या अक्षरात.

शाई

१७ मे

प्रिय शाई,

अठरा.

मुलगी कागद घेऊन स्वयंपाकघरात आली, तिने तो ओट्यावर ठेवला आणि ओल्या हातांनीच माझा हात धरला. मग दोघं खाली बसलो, फरशीवर, का ते माहीत नाही. नातीला वाटलं खेळ आहे, तीही बसली. मुलगी म्हणाली, "बाबा, उद्या सहाला निघते मग." एवढंच. मी म्हटलं, "निघ की."

शिंपी बावीस. त्याला मी खोकल्याच्या गोळ्यांचा डबा दिला.

तेव्हा मे महिन्यात मी येत नाही. हे वाक्य लिहायला मला चार वेळा पेन उचलावं लागलं. पण परवाना कायमचा झाला की पाहुणा बोलवता येतो, तीन महिन्यांसाठी, आणि पाहुण्याला परीक्षा नसते. हिवाळा संपला की ये. दाढ तिथेच काढून ये. इथल्या बसथांब्यावर दोघांना पुरेल एवढं बाक आहे. मांजराला डॉक्टरीण सांभाळेल.

राहिला तो विनोद. तुझं पत्र आल्यापासून आठवतोय. वेणी घालताना, भांडी घासताना. शाई, मला एक शब्द आठवत नाही. तो नवरा काय समजावत होता तेही नाही. ती बाई तेवढी आठवते, म्हणजे तिचा आवाज, जरासा बसलेला, आणि ते हसू, जे माझं होतं. आयुष्यात जे जे आवडलं ते पाठ झालं, हे पहिलंच असं की आवडलं आणि हाताला काही लागलं नाही. डॉक्टरणीला सांग, त्या पेशंटलाही. आणि मला त्याचं दुःख होत नाहीये, हेही सांग.

पत्र इथेच ठेवतो. नात शाळेतून आलीय, दप्तर पाठीवर तसंच, आणि दारातूनच काहीतरी लांबलचक सांगायला लागलीय. कुणीतरी पडलंय, कुणीतरी रडलंय, आणि मला वाटतं कुत्रंही आहे त्यात. मी लिहीत राहिलो तर निसटेल.

भोंगा